दहा वर्षांच्या गोलीला जोखायचं कसं? (आइस हॉकी, ट्रायआउट आणि माझ्या चुका)

रिंकवरचा_चहा

मंडळी, इथे क्रिकेटवर चारचारशे प्रतिसादांचे धागे पडतात, म्हणून आइस हॉकीवर एक काढायचं धाडस करतोय. कॅनडा-अमेरिकेतले चार-पाच हॉकीपालक तरी इथे आहेत हे मला माहीत आहे. पहाटे साडेपाचला पोरं बर्फावर असतात आणि आईबाप गाडीत हीटर लावून हीच साइट वाचत बसतात.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. मी टोरांटोला लागून मिसिसागात राहतो. इथली लीग म्हणजे ग्रेटर टोरांटो हॉकी लीग, जीटीएचएल. १९११ पासूनची, मुलांच्या हॉकीतली जगातली सगळ्यात मोठी. स्पर्धेचे थर तीन: ए, डबल ए, ट्रिपल ए. सीझन संपला की वसंतात ट्रायआउट, म्हणजे पुढच्या संघासाठी निवड चाचणी. पुढे खेळणाऱ्यांना पंधराएक जागा असतात; एखादा दिवस वाईट गेला तरी पोरगं तिसऱ्या लाइनीत कुठेतरी खपून जातं. गोलीच्या, म्हणजे जाळं राखणाऱ्या गोलकीपरच्या, जागा दोनच. आणि पॅड बांधून उभी असतात सहा-सात.

माझा मुलगा गोली आहे. (हे फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "कसली गोळी? डॉक्टरांना विचारलंस का?") त्याच्यामुळे मी या भानगडीत पडलो. आमच्याकडे कोच बहुतेक जुने फॉरवर्ड नाहीतर डिफेन्सवाले. ते प्रामाणिकपणे सांगतात, गोलीचं आपल्याला काही कळत नाही, तूच बस कागद घेऊन. मी शिवाजी पार्कात यष्टी राखायचो, एवढ्याच पुण्याईवर तीन वसंत बसलोय. मुलाच्या वयोगटात अर्थातच नाही.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या वर्षी अंडर ११ चा गट होता. एक पोरगा होता निळ्या पॅडवाला. काय उड्या, काय लोळणं, पाठीवर पडून पाय वर करून पक (हॉकीची रबरी चकती) अडवला एकदा. काचेपलीकडचे आईबाप टाळ्या वाजवत होते. मी त्याला भरभरून गुण दिले. दुसरा एक होता, जुनाट तपकिरी पॅड, बहुधा कुणाचे तरी घेतलेले. त्याच्याकडे आलेला पक छातीवर बसायचा, नाहीतर पॅडला लागून कोपऱ्यात जायचा. त्याच्या नावापुढे मी लिहिलं होतं: "शॉट सोपे आले."

शॉट सोपे आले नव्हते. तो आधीच तिथे उभा होता म्हणून ते सोपे दिसत होते. निळा पॅडवाला प्रत्येक वेळी हातभर उशिरा पोचत होता, म्हणून त्याला उड्या माराव्या लागत होत्या. जुने कसोटी यष्टिरक्षक नरेन ताम्हाणे यांचं वडील सांगायचे, कीपर चांगला असला की दिवसभर दिसतच नाही. हे लहानपणापासून ऐकलेलं असूनही काचेमागे बसल्यावर साफ विसरलो.

तेव्हापासून पक अडला की नाही हे मी सगळ्यात शेवटी बघतो. आधी काय बघतो ते सांगतो.

पहिली गोष्ट, शॉट सुरू व्हायच्या आधीच निम्मं कळतं. वॉर्म-अपमध्ये पोरगं क्रीजमध्ये (जाळ्यासमोरच्या आखलेल्या अर्धगोलात) कसं सरकतं? जाळ्याच्या खांबापासून क्रीजच्या टोकापर्यंत एका ढकलण्यात जाऊन नेमकं थांबता येतं का, की तीन पावलं टाकत लडबडत जातं? गोली म्हणजे ज्याला स्केटिंग जमत नाही त्याला उभं करायची जागा, हा समज अजून जिवंत आहे. खरं तर स्केटच्या कडांवर त्याच्याइतका ताबा संघात कुणालाच लागत नाही.

दुसरी, कोन. जाळं सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. एनएचएलच्या (इथली सर्वोच्च व्यावसायिक लीग) दाढीवाल्या सव्वासहा फुटी गोलीला तेवढंच आणि आमच्या साडेचार फुटी पोरालाही तेवढंच. रेषेवर उभं राहिलं तर दोन्हीकडून खिंडारं दिसतात. पुढे आलं की ती बुजतात. कोच लोक दोन्ही खांबांना दोरी बांधून तिची टोकं पकपाशी आणतात आणि पोराला मध्ये उभं करतात. मग त्यालाच दिसतं की दोन पावलं पुढे आल्यावर दोरी खांद्याला लागते. ट्रायआउटला दोरी नसते, आपण डोळ्यांनी बांधायची.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी: पक काठीवरून सुटतो त्या क्षणी पोरगं थांबलेलं असतं का? हलत हलत घेतलेला शॉट अंगाला लागला तर ते नशीब.

मग पक लागल्यानंतरचं. डोळे पकच्या मागे जातात का? पॅडला लागून सुटलेला पक कुठे गेला हे मान वळवून शोधावं लागलं तर त्याने तो येतानाही शेवटपर्यंत पाहिला नव्हता. अडवलेला पक परत समोरच्याच्या काठीवर पडतो की कोपऱ्यात जातो? गुडघ्यावरून उठताना कोणता पाय आधी उचलतो? उजवीकडे जायचं असेल तर डावा पाय उचलून ढकलायला हवं. हे एक कळलं की कुणी शिकवलंय का तेही कळतं.

आणि बसायचं कुठे ते. मी पहिल्या वर्षी मधल्या रेषेसमोर बसायचो, कारण छताचा हीटर तिथे आहे. आता जाळ्याच्या मागे उभा राहतो. पाय गोठतात, पण गोलीला जे दिसतं ते दिसतं.

अजून एक. ट्रायआउटचे बरेचसे ड्रिल गोलीसाठी नसतातच. तीन पोरं ओळीने सुटतात, पहिल्याचा पक अडवून गोली उठतोय तोवर दुसऱ्याचा आत. मॅचमध्ये असं कधी होतं? त्यातल्या गोलांची नोंद मी करत नाही.

तुमचे अनुभव लिहा. माझं चुकत असेल तर तेही.

सस्काटूनचा_सातारी

पहिला! वाचतोय. आमच्याकडे उणे ३५ आहे, वाचण्यापलीकडे काही करता येत नाही.

एक बाळबोध प्रश्न. सगळे 'बटरफ्लाय बटरफ्लाय' म्हणतात ते नक्की काय? पोहण्यातलं माहीत आहे.

रिंकवरचा_चहा

@सातारी, गुडघे एकत्र टेकायचे आणि पोटऱ्या दोन्ही बाजूंना पसरायच्या, म्हणजे बर्फालगतची सगळी जागा पॅडनी बंद. वरून पाहिलं तर पंख पसरल्यासारखं दिसतं. ग्लेन हॉलने ते सुरू केलं म्हणतात, टोनी एस्पोझितोने पुढे नेलं, आणि ८० च्या दशकात मॉन्ट्रियलला पॅट्रिक रुआ आणि त्याचा कोच फ्रान्स्वा अलेर यांनी त्याचं शास्त्र केलं. १९८६ च्या प्लेऑफमध्ये रुआ २० वर्षांचा होता, पहिलाच सीझन, आणि सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ ट्रॉफी घेऊन गेला. त्यानंतर क्यूबेकमधलं प्रत्येक पोरगं गुडघे टेकायला लागलं. आज सगळं जग टेकतं.

लहान वयात याच्यात एक फसवाफसवी आहे. नऊ-दहा वर्षांच्या पोरांचे शॉट बहुतेक बर्फालगत येतात. त्यामुळे जो आधीच गुडघे टेकून बसतो तो भरपूर अडवतो आणि कागदावर हिरो दिसतो. दोन वर्षांनी समोरच्या पोरांच्या मनगटात ताकद येते, पक खांद्यावरून जायला लागतो, आणि हा अजून आधीच बसतोय. म्हणून मी बघतो की किती वेळ उभा राहतो. वरच्या कोपऱ्यातून गोल झाला म्हणून अंडर ११ च्या पोराचे गुण कापत नाही. तिथे हात पोचायला अजून दोन वर्षं आणि बरंच वरण-तूप लागणार आहे.

थंड_डोकं

चांगला धागा, पण मी विरोधी बाकावर बसतो.

मी कॅल्गरीत रविवारी रात्री अकराला प्रौढांच्या लीगमध्ये गोली असतो, वय विचारू नका. गेल्या वीस वर्षांत गोली-कोच नावाची जमात वाढली आणि सगळी पोरं एका साच्यातून काढल्यासारखी दिसायला लागली. सुबक उभं राहणं, सुबक सरकणं, आणि पक खेळीमेळीने आत. तुमचा कागद घेऊन कुणी डोमिनिक हाशेकला बघितलं असतं तर? तो तर तुमचा निळा पॅडवालाच. काठी टाकून द्यायचा, पाठीवर लोळायचा, डोक्याने अडवायचा. १९८३ च्या ड्राफ्टमध्ये (एनएचएल संघ नवी मुलं क्रमाने निवडतात त्यात) १९९ वा. पुढे काय झालं? सहा वेझिना (वर्षातल्या सर्वोत्तम गोलीचा मान), गोली असून लागोपाठ दोन वेळा हार्ट ट्रॉफी (वर्षातल्या सर्वात मोलाच्या खेळाडूची), ९७ आणि ९८, आणि ९८ लाच नागानोला चेक संघाला ऑलिम्पिक सुवर्ण.

टिम थॉमस २१७ वा. तोही काही वळणदार अक्षराचा गोली नव्हता. २०११ ला बॉस्टनला स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, मिळवून दिला, तोवर सदतिशीला पोचला होता.

ज्या पोराला गोल झालेला सहनच होत नाही, त्या पोराला घ्या. सरकणं नंतर शिकवता येतं. ती आग शिकवता येत नाही.

सस्काटूनचा_सातारी

"पक खेळीमेळीने आत" 😂😂

शून्य_पूर्णांक_नऊ

आकड्यांवर पोट असल्यामुळे राहवत नाही.

सेव्ह पर्सेंटेज म्हणजे जाळ्यावर आलेल्या शॉटपैकी किती टक्के अडवले. ३६ शॉट आणि ५ गोल: ८६.१. १२ शॉट आणि १ गोल: ९१.७. पहिला गोली बहुतेक कमकुवत संघात असेल, रात्रभर भडिमार सोसून आला असेल. दुसऱ्याच्या संघाने पक मधल्या रेषेपलीकडे जाऊच दिला नसेल. कोण चांगला? या दोन आकड्यांवरून सांगता येत नाही.

शिवाय हे शॉट मोजतं कोण? आमच्याकडे मोजणारी आई एका हाताने कॉफी धरते आणि दुसऱ्या हाताने मेसेज करते. खांबाला लागलेला पक आणि बाहेर गेलेला पक शॉट ऑन गोल धरायचा नसतो, ती धरते. (ती आई माझी बायको आहे, म्हणून नाव देत नाही.)

आता नशिबाचा भाग. समजा एखाद्या गोलीची खरी ताकद शंभरात ९० अडवायची आहे, आणि ट्रायआउटच्या तीन सेशनमध्ये मिळून त्याला ६० शॉट आले. नुसत्या योगायोगाने त्याचा आकडा ८६ ते ९४ मध्ये कुठेही पडू शकतो, आणि तेही तीनातल्या दोन वेळा. तिसऱ्या वेळी त्याच्याही बाहेर. म्हणजे एकच पोरगं एका आठवड्यात देव आणि दुसऱ्या आठवड्यात दगड दिसू शकतं.

पूर्ण सीझन घ्या, २५ मॅच, दर मॅचला २० शॉट, म्हणजे ५००. तरीही ८८.७ ते ९१.३ एवढा झोका राहतोच. आणि पालक ८९ वाला आणि ९१ वाला यांच्यावरून पार्किंगमध्ये भांडतात.

@थंड_डोकं, तुमची हाशेक आणि थॉमसची उदाहरणं खरी, पण ती तुमच्याच विरोधात जातात. एनएचएलचे पगारी स्काउट १८ वर्षांच्या मुलांना वर्षभर बघून ड्राफ्टमध्ये चुकतात. २००० साली पहिल्या क्रमांकावर रिक डिपिएत्रो गेला, गोली. त्याच ड्राफ्टमध्ये २०५ व्या क्रमांकावर हेन्रिक लुंडक्विस्ट. इतर वर्षांतले गोली बघा: पेका रिने २५८ वा. हेलेबक १३० वा, आणि २०२५ ला हार्ट आणि वेझिना दोन्ही त्याच्याकडे. बोब्रोव्स्कीला तर कुणी निवडलंच नाही. दोन वेझिना, आणि २४ आणि २५ ला फ्लोरिडाकडून दोन कप. अठराव्या वर्षी ही गत, तर दहाव्या वर्षी आग आहे की धूर हे आपण स्टँडमधून काय ओळखणार?

थंड_डोकं

आकडेवाल्यांशी वाद घालू नये असं आमचे सर सांगायचे. मान्य. पण मग चहासाहेबांचा कागदही तितकाच आंधळा, नाही का?

रिंकवरचा_चहा

आंधळा नाही, चष्म्याचा नंबर चुकलेला म्हणा.

आकड्यात ६० शॉट म्हणजे ६० नोंदी. पण पक सुटताना पोरगं स्थिर होतं का, हे प्रत्येक पासला, प्रत्येक चालीला दिसतं, शॉट जाळ्याबाहेर गेला तरी दिसतं. एका सेशनमध्ये दोनशे वेळा. म्हणून माझा त्याच्यावर जास्त विश्वास.

हाशेकबद्दल मात्र अर्धं मान्य करतो. मी त्याच्या जुन्या मॅच मुद्दाम बघितल्या. लोळताना दिसतो खरा, पण लोळायच्या आधी पक कुठे जाणार हे त्याला कळलेलं असतं, आणि लोळतानाही डोळे पकवर. निळा पॅडवाला अंदाज बांधून उडी मारत होता. हा फरक मला तेव्हा कळत नव्हता, आता कधीकधी कळतो.

आगीचंही मान्य. पण ती बघायची जागा गोलच्या आधी नाही, नंतर. गोल झाल्यावर काठी आपटणारा, बचावपटूकडे हात करून बघणारा, आणि पाण्याची बाटली उचलून एक घोट घेऊन परत क्रीजच्या टोकाला येणारा. यातला तिसरा मला आवडतो. पण रडणाऱ्याला मी बाद करत नाही हां. दहा वर्षांचं आहे ते. रडून पुढच्या शॉटला पाय हलतात का, एवढंच.

निळा पॅडवाल्याचं काय झालं विचाराल म्हणून सांगतो: दोन वर्षांनी त्याने पॅड सोडले, आता डिफेन्सला मजेत खेळतो. तपकिरी पॅडवाला दुसरीकडे गेला, पुढचं माहीत नाही. अधूनमधून आठवतो.

यष्टीमागून

पुण्याहून लिहितोय, बर्फ फक्त उसाच्या रसात पाहिला आहे. पण धागा शब्दशः आमचाच आहे. क्लबात कीपर निवडताना डाइव्ह मारणाऱ्याला घेतात आणि ज्याचे पाय आधीच तिथे असतात तो घरी जातो. फक्त एक फरक: आमच्याकडे कीपरला बॅटिंग येते का हे आधी विचारतात. तुमच्याकडे ती ब्याद नाही, सुखी आहात.

रिंकवरचा_चहा

@यष्टीमागून, आहे की. हल्ली विचारतात, पक खेळता येतो का? जाळ्यामागे जाऊन पक थांबवून डिफेन्सला देता येतो का? पण अंडर ११ ला त्याचे फार गुण देऊ नयेत असं माझं मत. एवढ्या जड ग्लव्हमध्ये काठी धरली जाते हेच खूप.

वैशाखवणवा

नेहमी नुसती वाचते, आज लॉगिन केलं.

माझी मुलगी दहा वर्षांची, गोली. पुढच्या सीझनसाठी अंडर १२, ए लेव्हल, मुलांच्या संघात ट्रायआउट देणार आहे. दोन आठवड्यांवर आलंय. गेल्या वर्षी दुसऱ्या एका क्लबात कट झाली. कारण विचारल्यावर उत्तर मिळालं, "लहान चणीची आहे." ती नोव्हेंबरची आहे. तिच्या गटातली निम्मी मुलं जानेवारी-फेब्रुवारीची, वीतभर उंच. गाडीत एक शब्द बोलली नाही, घरी येऊन गॅरेजमध्ये पॅड न काढता बसली होती.

मला प्रश्न असा आहे की उंचीवरून खरंच ठरतं का? आणि मुलगी म्हणून वेगळं मोजतात का? स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही. (वाटेल, पण सांगा.)

शून्य_पूर्णांक_नऊ

ताई, नोव्हेंबरचा मुद्दा तुमच्या मनाचा खेळ नाही. कॅनडात वयोगटाची रेघ १ जानेवारीला. वरच्या पातळीच्या हॉकीत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेली मुलं जरुरीपेक्षा जास्त दिसतात हे रॉजर बार्न्सली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्येच दाखवलं. दहाव्या वर्षी दहा महिने म्हणजे आयुष्याचा बारावा हिस्सा.

रिंकवरचा_चहा

वैशाखवणवाताई, स्पष्टच सांगतो. उंचीवरून ठरवतात. ठरवू नये, पण ठरवतात. मोठं पोरगं जाळं जास्त झाकतं आणि कोचला यंदाच्या मॅच जिंकायच्या असतात. एनएचएलमध्येही उंच गोलींचीच चलती आहे. तरी नॅशव्हिलचा यूसे सारोस ५ फूट ११ इंच आहे आणि वर्षानुवर्षं पहिला गोली म्हणून खेळतोय. उंची कमी असली की पाय आणि डोळे दुप्पट चांगले लागतात, आणि तेच तर या वयात शिकवता येतं. दहाव्या वर्षीची चण बघून सोळाव्या वर्षीचं काही सांगता येत नाही. तुमच्या घरातली उंची बघा, तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळेल.

मी आता कागदावर जन्ममहिना लिहून घेतो. त्याचे गुण नाहीत, पण "दुबळी" लिहायच्या आधी नजर तिकडे जाते.

मुलगी म्हणून: मनॉन रेओम १९९२ ला टॅम्पा बेकडून एनएचएलच्या सराव सामन्यात उतरली, सेंट लुइसविरुद्ध. ती मुलांच्यातच खेळून वर आली. आता तर मुलींना २०२४ पासून स्वतःची व्यावसायिक लीग आहे, पीडब्ल्यूएचएल. तुमच्या लेकीने टोरांटोच्या संघाची मॅच पाहिली नसेल तर ट्रायआउटच्या आधी घेऊन जा. शिकण्यासाठी नाही, मजा म्हणून.

आणि दोन आठवड्यांत नवीन काही शिकवू नका. स्केटना धार काढली की दोन सेशन त्याच धारेवर होऊ द्या, ट्रायआउटच्या सकाळी नको. वॉर्म-अपला एक गोष्ट सांगा: कुणी बघत नाही असं समजून खांब ते खांब सरक. आम्ही तेव्हाच बघत असतो.

गुडघ्यांची_वैरीण

मिशिगनमध्ये फिजिओ आहे, नाव त्यावरूनच. एक मुद्दा राहिला.

चहा, तुमच्या कागदावर 'बटरफ्लाय किती रुंद' असा रकाना आहे का? असेल तर खोडा. पाय किती पसरतात हे बरंचसं खुब्याच्या हाडांच्या ठेवणीवर असतं, मेहनतीवर नाही. आणि जो रुंद पसरतो त्याला शाबासकी मिळाली की बाकीची पोरं बळेच पसरायला लागतात. माझ्याकडे येणाऱ्या गोलींची तक्रार बहुतेक तीच: जांघेत दुखतं. खुब्याच्या खोबणीत हाड अडकून घासतं, गोलींमध्ये हे बरंच आढळतं. वाढत्या वयात वर्षाचे बाराही महिने हजारो वेळा गुडघे आत वळवून बसायचं, मग दुसरं काय होणार.

उन्हाळ्यात पॅड माळ्यावर टाका. फुटबॉल, पोहणं, काहीही. आणि पोरगं "जांघ ओढली गेलीय" असं तीन आठवडे म्हणत असेल तर तो ताण नाही, दाखवून आणा.

अमेरिकेत आठ वर्षांखालच्या मुलांना कायमचा गोली करूच नका, आलटून पालटून उभं करा, असं यूएसए हॉकी सांगते. त्याच्यासाठी पटकन चढवता येणारे हलके पॅडही निघालेत. माझ्या मते हे दहापर्यंत चालावं.

रिंकवरचा_चहा

रकाना होता. खोडला. आभार.

नाव_नको

सगळं वाचलं. छान आहे, पण पुस्तकी आहे. आमच्या क्लबात (नाव सांगत नाही, पोरगं अजून खेळतंय) दोन्ही गोली ट्रायआउटच्या आधीच ठरलेले होते. एकाचे वडील बेंचवर असतात. दुसरा फेब्रुवारीतच त्यांच्याबरोबर सराव करत होता. आम्ही पैसे भरले, तीन सेशन आलो, आमच्या पोराने काय केलं ते बघायला काचेमागे कुणी नव्हतंच. तुमच्या कोन आणि दोऱ्या ठेवा तुमच्याजवळ.

थंड_डोकं

+१. हे सगळीकडे आहे, फक्त कुणी बोलत नाही.

रिंकवरचा_चहा

नाव_नको, नाकारत नाही. मी दिलेला कागद बाजूला ठेवून वेगळीच नावं लागलेली मीही पाहिली आहेत. त्या दिवशी घरी येऊन बायकोला म्हटलं, पुढच्या वर्षी बसणार नाही. बसलो.

एक करा, पुढच्या वेळी पैसे भरायच्या आधी कोचला ईमेल करून सरळ विचारा: गोलीच्या किती जागा खरंच मोकळ्या आहेत? बरेचजण लेखी विचारलं की खरं सांगतात. आणि कट झाल्यावर "का?" असं विचारू नका, त्याला "लहान चणीचा" असलीच उत्तरं येतात. विचारा, "सप्टेंबरपर्यंत एकच गोष्ट सुधारायची तर कोणती?" उत्तर देता आलं तर त्यांनी बघितलं होतं. नाही देता आलं तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

सस्काटूनचा_सातारी

अवांतर: टोरांटोवाल्यांनो, २०२० मध्ये तुमच्या एनएचएल संघाला, मेपल लीफ्सना, ४२ वर्षांच्या झांबोनी (बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र) चालवणाऱ्याने हरवलं होतं ना? डेव्हिड आयर्स. कॅरोलायनाचे दोन्ही गोली जखमी झाले म्हणून स्टँडमधून उठून आला, १० पैकी ८ अडवले, ६-३. त्याचा ट्रायआउट कुणी घेतला होता?

शून्य_पूर्णांक_नऊ

८० टक्के. १० शॉटचा नमुना. यावर काहीही भाष्य करता येत नाही.

थंड_डोकं

जखमेवर मीठ, आणि तेही टक्केवारीत.

वैशाखवणवा

काल रात्री यादी आली म्हणून सांगायला आले. लागली. दुसरी गोली म्हणून.

पहिल्या सेशनला तिने चार खाल्ले आणि मी बाहेर गाडीत जाऊन बसले, बघवेना. दुसऱ्या सेशनला जाळ्यामागे एक बाई उभ्या होत्या, हातात कागद, पाय आपटत होत्या थंडीने. तुमची आठवण झाली. शेवटी त्या लेकीशी काहीतरी बोलल्या. गाडीत विचारलं तर म्हणाली, "त्यांनी विचारलं, चौथ्या गोलनंतर तू पाणी पीत होतीस तेव्हा काय विचार करत होतीस?" मी म्हटलं, मग तू काय सांगितलंस? म्हणे, "तहान लागली होती."

ता.क. २८ इंची पॅड आता आखूड होत आहेत. ३० ची जुनी जोडी कुणाकडे पडून असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रंग कुठलाही चालेल, तपकिरी असतील तर उत्तमच.